खासबागेतलं रोम

कोल्हापूरच्या खासबाग मैदानावरचा मराठीतला कोणताही लेख उघडा, पहिल्या परिच्छेदात रोम येतं. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्या कुस्तीला हवं असं मनात घेतलं. १९०७ साली काम सुरू झालं, १९१२ साली पुरं झालं. पहिली कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची, जीत इमामबक्षची. पुढे प्रेक्षकसंख्येचा आकडा येतो. तो तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत कुठंही असतो. लेख जितका अलीकडचा तितका आकडा मोठा, असा माझा अनुभव. मग दोन-चार गाजलेल्या लढती आणि शेवटी गेलेल्या दिवसांबद्दलचा उसासा.

गेली वीसेक वर्षं मी कुस्तीवरची कात्रणं, मैदानांची हँडबिलं, स्मरणिका, गौरव अंक असं काहीबाही गोळा करत आले आहे. त्यात खासबागेचा गठ्ठा सर्वांत जाड आणि सर्वांत एकसुरी. वर दिलेली हकिकत खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण ती इतक्या वेळा त्याच क्रमानं सांगितली गेली आहे, की या मैदानावर लोकांनी जीव का टाकला याचं उत्तर आपण रोमवर सोपवून मोकळे झालो आहोत. महाराजांनी रोम पाहिलं, म्हणून मैदान भव्य. मैदान भव्य, म्हणून आठवण मोठी. एवढ्यावर विचार थांबतो.

एरवी हा प्रश्न अभ्यासकांच्या गप्पांपुरता राहिला असता. पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागूनच असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. महाराजांनीच उभारलेलं, १९१५ साली सुरू झालेलं हे मूळचं पॅलेस थिएटर. सकाळी उरलेल्या भिंतींसमोर उभे राहून लोक रडले, आणि त्याच दिवसापासून मागणी सुरू झाली की नाट्यगृह होतं तसंच, हुबेहूब उभं करा. ती मागणी मला पटते. पण ‘होतं तसं’ म्हणजे नेमकं काय, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. कुणाला दर्शनी भिंत हवी असते, कुणाला रंगमंचावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जसा पोचायचा तसा पोचायला हवा असतो. शेजारच्या मैदानाच्या सुधारणेचा विषय अधूनमधून निघतोच. उद्या तो नेटानं निघाला, तर आपण काय जपा म्हणून सांगणार आहोत? कलोझियमचं चित्र?

माझ्या घरातल्या खासबागेपासून सुरुवात करते, कारण रोमबद्दलची माझी शंका तिथंच सुरू झाली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वाळवा तालुक्यातले शेतकरी. मोठं मैदान असलं की गावातले वीस-पंचवीस जण ट्रकनं कोल्हापूरला जायचे. फडक्यात भाकरी आणि झुणका, खांद्यावर टॉवेल. कवठेपिरानचे मारुती माने म्हणजे आमच्या भागाचा पैलवान. १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं घेऊन आलेला. त्यांची कुस्ती असली की अण्णा पेरणीसुद्धा एक दिवस पुढे ढकलत. रात्री उशिरा परत आले की दुसऱ्या दिवशी दिवसभर सांगणं चालायचं. हलगी कशी वाजत होती, फेटे कसे उडाले, कुणी पट काढला, कुणी ढाक मारली. आणि एक वाक्य दर वेळी असायचं: ‘लई वर बसलो हुतो, पर खांदा टेकल्यालं दिसलं बघ.’

त्या सगळ्या सांगण्यात रोम कधी आलं नाही. महाराजांचं नाव यायचं, आदरानं यायचं, पण इमारत म्हणून मैदानाचं वर्णन अण्णांनी कधी केलं नाही. किती रुंद, किती उंच, दगड कसला, काही नाही. कलोझियम हा शब्द मी पहिल्यांदा एका स्मरणिकेत वाचला, तोवर अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढे त्यांच्या पिढीतल्या जुन्या प्रेक्षकांशी बोलत गेले, सांगली, कराड, इस्लामपूर, तासगाव इथल्या, तेव्हाही तेच. जे स्वतः तिथं बसले होते ते काय दिसलं ते सांगत. जे बसले नव्हते ते रोम सांगत.

आता रोमची तुलना जरा तपासून पाहू. कलोझियम लंबवर्तुळाकार आहे, सुमारे १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद, उंची जवळजवळ पन्नास मीटर. ती उभी राहिलेली इमारत आहे. दगड, विटा, काँक्रीट, एकावर एक कमानींचे मजले, आणि त्या कमानींनी उचलून धरलेली बैठक. बाहेरून पाहणाऱ्यावर दडपण यावं हा तिचा हेतू होता. इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसनं ती खुली केली, तेव्हा आत चालणाऱ्या खेळाइतकंच तिच्या बाहेरच्या अंगालाही महत्त्व होतं.

खासबाग बाहेरून कुणाला दडपत नाही. शेजारच्या खाऊ गल्लीत मिसळ खायला आलेल्या परगावच्या माणसाला भिंतीपलीकडे एवढं मोठं मैदान आहे हे सांगावं लागतं. आत गेल्यावर मात्र सगळं एकदम उलगडतं. मध्ये मातीचा हौद, भोवती मोकळी जागा, आणि तिथून गोलाकार वर चढत गेलेली बैठक. ही बैठक कमानींवर उभी नाही, जमिनीवर टेकलेली आहे. इटलीतला नातेवाईक शोधायचाच असेल तर कलोझियमपेक्षा पाँपेईचं रंगण जवळचं वाटतं. ते कलोझियमच्या दीडशे वर्षं आधीचं. तिथं मधली जागा खोल खणली, निघालेली माती भोवती रचून तिचा बांध केला आणि त्या बांधाच्या उतारावर माणसं बसवली. पण खरं तर इटलीपर्यंत जायची गरजच नाही. आमच्याकडे जत्रेचं मैदान भरवताना जुने लोक माळाचा उतार बघत, ओढ्याचा काठ बघत. उतारावर माणसं, खालच्या सपाटीला हौद. महाराज स्वतः पैलवान होते, त्यांनी अशी मैदानं पाहिलेली असणारच. रोमनं त्यांना हिंमत दिली असेल, आकाराचा अंदाज दिला असेल. उताराची अक्कल मात्र इथली होती असं मला वाटतं.

हा उतार इतका महत्त्वाचा का, हे कळायला एका अगदी वेगळ्या खेळाकडे पाहावं लागेल. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते. चेंडू आत गेला की नाही हे ठरतं माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, त्यामुळं समोर कुणी उभं राहिलं तरी मागच्याला दिसतं. कुस्तीत उलटं आहे. निकाल लागतो तो अगदी जमिनीवर. दोन्ही खांदे मातीला लागले का, एवढाच प्रश्न, आणि तो पाहायचा तर नजर मातीपर्यंत पोचायला हवी. सपाट जागेवर भरलेलं मैदान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल: पहिली रांग मांडी घालून, दुसरी उकिडवी, तिसरी उभी, मग सायकलवर उभे राहिलेले, बैलगाडीवर चढलेले, आणि शेवटी चिंचेवर. एवढं करूनही खांद्यावर वाद व्हायचा, कारण चिंचेवरच्यानं एक बाजू पाहिलेली असायची आणि बैलगाडीवरच्यानं दुसरी. मारामारीपर्यंत जायचं. खासबागेच्या उतारानं हा वाद मिटवला. शेवटच्या रांगेतला माणूसही साक्षीदार झाला. पंचानं निकाल द्यायच्या आधी हजारो तोंडांतून एकदम आवाज फुटायचा, याचं कारण हजारोंना एकाच वेळी तीच गोष्ट दिसलेली असायची. अण्णांच्या त्या एका वाक्यात सबंध मैदानाचं वास्तुशास्त्र आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बास्केटबॉलचा विषय काढलाच आहे तर अमेरिकेतलं एक उदाहरण देते, कारण जुन्या क्रीडागृहाची आठवण माणसाला कशी फसवते हे तिथं स्वच्छ दिसतं. बॉस्टन शहरात बॉस्टन गार्डन नावाचं क्रीडागृह होतं. १९२८ साली बांधलेलं, १९९५ साली बंद झालेलं, पुढं तीन वर्षांनी पाडलेलं. बास्केटबॉलमधला सेल्टिक्स हा तिथला सर्वांत यशस्वी संघ तिथं खेळायचा. आत वातानुकूलन नव्हतं. १९८४ च्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना इतक्या उकाड्यात झाला, की पाहुण्या संघाच्या खेळाडूला प्राणवायूचा मुखवटा लावून बसायची वेळ आली. काही खुर्च्यांसमोर खांब होते, तिथून अर्धं मैदान दिसायचं नाही. नवं क्रीडागृह शेजारीच झालं, थंडगार, बिनखांबांचं. आणि लोक हळहळू लागले ते उकाड्यासाठी, त्या खांबांसाठी. जागा चालू असताना ज्याला सगळे शिव्या देत होते तेच आठवणीत गोड झालं.

पण त्यांनी एक गोष्ट केली. युद्धकाळात लांब लाकूड मिळेना, म्हणून ओकच्या तुकड्यांची चौकटी-चौकटीची जमीन त्यांनी बनवली होती. ती उचलून नव्या क्रीडागृहात नेली. इमारत गेली तरी चेंडू त्याच लाकडावर काही वर्षं उसळत राहिला. नंतर ती जमीन काढली आणि तिचे तुकडे आठवण म्हणून विकले गेले. म्हणजे खेळायची जमीन शेवटी शोकेसमध्ये गेली.

आपली जमीन शोकेसमध्ये ठेवता येणारी नाही. हौदातली माती म्हणजे नुसती लाल माती नव्हे. तिच्यात ताक मुरवतात, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर घालतात, रोज फावड्यानं ती वरखाली करतात, खडे वेचतात, पाणी मारतात. चार महिने हात लावला नाही तर ती दगड होते. तेव्हा १९१२ ची माती आज खासबागेत आहे असं कुणी म्हणत असेल तर ते भाबडेपण आहे. तिथं असलीच तर पोरांनी काल-परवा खणलेली माती असते. गौरव अंकांमध्ये ‘या पवित्र मातीत’ असे शब्द सर्रास येतात. ताकाची घागर कोण आणतं आणि त्याचा खर्च कुणाच्या नावावर पडतो, हे त्याच अंकात कुठं येत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यात उतारानंतर लगेच येते. वेळ. ‘तवाची कुस्ती निकाली हुती,’ हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं याची गणती नाही. चितपट होईपर्यंत कुस्ती चालायची. घटकाभर खडाखडीच चालायची, एकमेकांची ताकद अजमावत. कधी सूर्य कलला की मानकरी मंडळी पुढं होऊन जोड बरोबरीत सोडवायची, आणि त्यावर गावोगाव वर्षभर चर्चा.

खासबागेची पहिली कुस्ती जिंकणारा इमामबक्ष हा गामा पैलवानाचा भाऊ. हे दोघे १९१० साली, म्हणजे खासबाग पुरं होण्याच्या दोनच वर्षं आधी, लंडनला गेले होते. तिथं इमामबक्षनं स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांत लोळवलं. गामाची झिबिस्कोशी झालेली कुस्ती मात्र दोन तास पस्तीस मिनिटं चालली आणि निकालाविनाच राहिली. झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून होता. लंडनची माणसं कंटाळली. १९२८ साली पतियाळात तीच जोड पुन्हा लागली, तेव्हा गामानं एक मिनिटाच्या आत काम संपवलं. वेळ मोकळी सोडली की हे दोन्ही होतं: अडीच तासांचा कंटाळा आणि एका मिनिटाचा चमत्कार. आठवणीत अर्थातच चमत्कार राहतो. खासबागेतल्या कंटाळवाण्या कुस्त्यांवर एकाही स्मरणिकेत लेख नाही, आणि त्या झाल्याच नसतील असं मानायला मी तयार नाही.

आज मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजले जातात. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियममध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. मागं पडला होता, तिथून उसळून आला. एकवीस वर्षांनी कोल्हापूरला गदा मिळाली म्हणून तिकडं दिवाळी झाली. आमच्या ओळखीतल्या एका वृद्ध वस्तादांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, ‘पोरगं चांगलं हाय, पर ही कुस्ती नव्हं, हा हिशेब.’

वस्तादांचं दुःख खरं आहे. पण ते खासबागेबद्दलचं नाही. उद्या खासबागेच्याच हौदावर मॅट अंथरून सहा मिनिटांची लढत लावली, तरी त्यांना तिथं त्यांचं खासबाग सापडणार नाही. आणि साताऱ्याच्या सपाट स्टेडियममध्ये एखादी निकाली कुस्ती तासभर रंगली, तर कदाचित सापडेल. जे गेलं ते नियमात गेलं. रडतो आपण जागेसाठी. आठवणीची ही अदलाबदल मला सर्वांत घातक वाटते. जागा वाचवली की सगळं वाचलं अशी समजूत त्यातून होते.

आणि घड्याळाला इतकं वाईट ठरवायलाही मी तयार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आमच्या भागातले. १९४८ ला लंडनला सहावे आले, तेव्हा मॅटची त्यांना नीट ओळखही नव्हती. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या करून ते पैसे फेडले. मिरवणुकीच्या शंभरावर बैलगाड्या सगळ्यांना आठवतात, ही कर्जफेड कमी आठवते. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं, असं सांगितलं जातं. नियमानं दोन लढतींत तीस मिनिटांची विश्रांती हवी होती. तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. घड्याळाचा आणि नियमाचा तिटकारा करणाऱ्या आपल्या आठवणीनं हे लक्षात घ्यायला हवं, की त्या दिवशी आपल्या पैलवानाच्या बाजूनं बोलू शकली असती अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे नियमातलं घड्याळ.

राजाश्रयाचंही असंच. शाहू महाराजांनी पंजाबपासूनचे पैलवान आणून पोसले, तालमी बांधल्या, खुराक चालू केला, हे सगळं इतकं लिहून झालं आहे की मी त्यात भर घालत नाही. १९२२ साली महाराज गेले, १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, आणि नंतरचा खुराक तिकिटांवर, जत्रांवर, पुढं साखर कारखान्यांवर आला. कुस्ती सुटल्यावर पैलवानाचं काय होतं हे आमच्याकडच्या कुठल्याही गावात जाऊन पाहता येतं. मोडलेले कान, वाढलेला देह, गुडघे गेलेले, आणि मानधनाच्या कागदासाठी तालुक्याला हेलपाटे. खासबागेच्या आठवणीत हा माणूस हौदात उभा असेपर्यंतच दिसतो. तो मैदानातून बाहेर पडला की लेखही संपतो.

आता जे मला लिहायचं होतं आणि टाळत आले, ते लिहिते. या आठवणीत मी कुठं बसते? अण्णांबरोबर ट्रकमध्ये माझे दोन्ही भाऊ जायचे. धाकट्याला कुस्ती आवडायची नाही, तो तिथं झोपायचा, तरी जायचा. मी कधी गेले नाही. कुणी अडवलं असं नाही. विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही, आईच्या तर नाहीच. मैदानाला बायका जात नसत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ज्या मैदानाबद्दल मला इतकी ओढ आहे ती माझी स्वतःची आठवणच नाही. ती अण्णांची आहे, मी ती ऐकून ऐकून वागवते आहे. गंमत अशी, की रोमची तुलना शेवटपर्यंत नेली तर तिथं निदान वरची रांग होती. सम्राट ऑगस्टसनं नियम केला होता की बायकांनी सर्वांत वर, सर्वांत मागं बसावं, आणि रोमच्या रंगणांत तीच रीत चालू राहिली. अन्यायच तो. पण रोमच्या बाईला रंगण लांबून तरी दिसायचं. आमच्याकडच्या बाईला रात्री परतलेल्या नवऱ्याच्या धोतराला लागलेली लाल माती धुताना जेवढी कुस्ती कळायची तेवढीच.

मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. आमच्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मी पाहायला गेले होते. मॅट होतं, गुण होते, फलक होता, घड्याळ होतं. शेजारी एक आजी बसल्या होत्या, नातीला घेऊन आलेल्या, मिरज तालुक्यातल्याच. एका लढतीत पोरीनं दुसरीला खांद्यावरून टाकलं तेव्हा आजींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यांना गुणांचं काही कळत नव्हतं, मलाही सगळं कळत नव्हतं. पण टाकलेलं दोघींनाही दिसलं. पुढं तीस-चाळीस वर्षांनी ती नात आपल्या पोरांना कुठल्या मैदानाबद्दल सांगेल? तिच्या आठवणीत लाल माती नसेल, हलगी कदाचित असेल. आमचे स्मरणिकावाले तिला सांगतील की खरी कुस्ती तू पाहिलीच नाहीस.

तेव्हा खासबाग जपायचं म्हणजे काय, या प्रश्नाकडे परत येते. दर्शनी कमान नवी करा, दगड धुऊन घ्या, महाराजांचं शिल्प बसवा, माझी हरकत नाही. पण कुणी सोयीसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या ठोकून बैठकीचा उतार बदलायला निघालं, कुणी मान्यवरांसाठी हौदाभोवती उंच व्यासपीठ बांधायला निघालं, तर तिथं आडवं पडावं. समोर एक फूट उंचीची भर घातली की मागच्या किती रांगांचा खांदा झाकला जातो याचा हिशेब शाळकरी पोरगाही मांडून दाखवेल. हौदाला वर्षभर हात लागेल अशी व्यवस्था करा. माती खणणाऱ्याला पगार द्या. आणि कुस्त्या लावा. लहान लावा, पोरींच्या लावा, मॅटच्या लावा, वर्षातून एक तरी निकाली लावा. सांस्कृतिक कार्यक्रमांना जागा भाड्यानं देऊन मैदान जिवंत राहतं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमणार नाही. आवाज तिथं कुठल्याही कार्यक्रमाला चांगलाच येतो, पण तो उतार आवाजासाठी केलेला नव्हता.

नाट्यगृह जळाल्यावर काही महिन्यांनी मी कोल्हापूरला गेले होते, भाच्याला घेऊन. त्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता, कागदपत्रांचं काम होतं. दुपारी मोकळे होतो, म्हणून खासबागेत गेलो. मैदान रिकामं होतं. मी बैठकीवरून चढत अगदी वर गेले, सर्वांत मागच्या कडेला बसले. गुडघ्यांनी तक्रार केली. भाच्याला म्हटलं, हौदात जाऊ नकोस, चपला आहेत तुझ्या पायांत. कडेला उभा राहा आणि हातातली पाण्याची बाटली जमिनीवर ठेव. त्याला वाटलं आत्या कसला तरी फोटो काढणार. त्यानं बाटली ठेवली आणि बाजूला झाला.

वरून बाटलीचं झाकण दिसत होतं, लेबल दिसत होतं, आणि ती मातीला जिथं टेकली होती ती कडही दिसत होती.